रेललेल्या झाडात चेनसॉची पाती सारखी अडकते आणि झाड काही खाली येत नाही

तोडताना दिशा थोडी चुकली, किंवा वादळात एखादं झाड अर्धवट कोसळलं, की ते शेजारच्या झाडाच्या बेचक्यात जाऊन अडकतं. बुंधा जमिनीवर टेकलेला, शेंडा दुसऱ्याच्या फांद्यांत, मधलं सगळं खोड तिरकं. आपण चेनसॉ घेऊन जातो आणि बुंध्यापासून चार-पाच फुटांवर वरून काप घालतो. एक तृतीयांश खोड कापून होतं न होतं तोच लाकूड पाती, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती लांब पट्टी, धरतं. हिसडे देऊन सोडवावी, पुन्हा लावावी, पुन्हा तेच. कसाबसा एक तुकडा सुटलाच, तर वरचं झाड धप्पकन खाली बसतं, मातीत रुततं आणि पहिल्यापेक्षा जास्त उभं होऊन तसंच अडकून राहतं.

हे ज्यांच्या बाबतीत वारंवार होतं ते बहुतेक जण मशीनला दोष देतात. साखळी बदलतात, जास्त ताकदीचं मशीन आणतात, लांब पाती बसवतात. मीही सुरुवातीला हेच केलं आणि लांब पातीही तितक्याच घट्ट अडकली. खरं कारण मशीनमध्ये क्वचितच असतं. इथे दोन वेगवेगळ्या चुका एकत्र आलेल्या असतात. काप चुकीच्या बाजूने सुरू झालेला असतो, आणि झाड अजून वर अडकलेलं असतानाच त्याचे तुकडे पाडायला घेतलेले असतात. पहिल्या चुकीने मशीन अडकतं, दुसरीने माणूस जातो. म्हणून पाती सोडवण्यापुरता भाग वाचून परत झाडाखाली जाऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

पाती आत्ता अडकलेली असेल तर

आधी इंजिन बंद करा. चालू मशीन ओढून काढायला जाऊ नका. ओढताना बोट थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्यावर, दाबलं जातं आणि पाती सुटते त्याच क्षणी फिरती साखळी मांडीच्या दिशेने येते. मशीन तिथेच सोडून बाजूने मागे या आणि झाड पुरतं न्याहाळा. काही हललं आहे का, करकर आवाज येतो आहे का, वर एखादी तुटकी फांदी लोंबते आहे का, बुंधा सरकल्याची खूण जमिनीवर दिसते आहे का?

झाड अजून दुसऱ्यावर रेललेलं असेल आणि पाती त्यातच असेल, तर पाती सोडवण्यासाठी त्याच्या बुंध्याशी पहार घालून झटू नका. आधी झाड लांबून ओढून खाली आणायचं, मग मशीनकडे वळायचं. त्यात मशीन चिरडण्याची शक्यता आहे हे मान्य करून टाका. पाती आणि साखळी नवीन मिळते, मशीनही मिळतं.

झाड पूर्ण जमिनीवर असेल तर मात्र मार्ग सोपे आहेत. अडकलेल्या फटीत प्लास्टिकची पाचर ठोकून फट उघडा. लोखंडी पाचर वापरू नका, साखळीचा दात तिला लागला की दात जातो आणि लोखंडाचा कपचा उडतो. फट मिटतेय त्या भागाखाली पहार किंवा जाड दांडका घालून ओंडका किंचित उचलला, तरी बरेचदा पाती सैल होते. दोन्ही जमलं नाही तर दुसऱ्या मशीनने नवा काप घ्या, पण अडकलेल्या पातीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर आणि ओंडक्याच्या सुट्या टोकाच्या बाजूला. आतल्या बाजूला काप घेतला तर सुटलेला तुकडा अडकलेलं मशीन बरोबर घेऊन पडतो आणि ते तुमच्या हातातल्या मशीनवर येऊन आदळतं. काही मशीनमध्ये पातीचे दोन नट काढले की इंजिनाचा भाग वेगळा होतो. तसं असेल तर तो काढून बाजूला ठेवा, पाती लाकडात राहू द्या आणि मग पहारीने झटा. दुसरं मशीन नसेल तेव्हा कुऱ्हाड कामी येते. वेळ लागतो, पण कुऱ्हाड अडकत नाही.

लाकूड पाती का धरतं

बोटभर जाडीची ओली फांदी घ्या. दोन्ही टोकं विटांवर टेकवून मधे दाबा. वरची साल सुरकुतते आणि खालची ताणली जाते, म्हणजे वर दाब, खाली ताण. आता एकच टोक घट्ट धरून दुसऱ्या मोकळ्या टोकावर वजन टांगा. सगळं उलटं होतं, वर ताण आणि खाली दाब. हाताएवढ्या खोडाचं असो की मिठीत न मावणाऱ्या, गणित हेच. दाबाच्या बाजूने घातलेला काप मिटत जातो, ताणाच्या बाजूने घातलेला उघडत जातो. पाती धरली जाते ती मिटणाऱ्या कापात.

रेललेल्या झाडाला दोन आधार असतात, खाली जमीन आणि वर दुसरं झाड. मधलं खोड स्वतःच्या वजनाने खाली वाकायला बघत असतं, म्हणून वरच्या अंगाला दाब. आणि उभं राहून वरूनच कापणं हाताला सोयीचं असतं. सोय आणि दाब दोन्ही एकाच बाजूला आल्यामुळे ही अडचण प्रत्येकाला, प्रत्येक वेळी येते.

यावर ‘मग खालूनच सुरू करू’ असं ठरवणारे असतात. ते जास्त धोक्याचं आहे. ताणाच्या बाजूने पहिलाच खोल काप दिला की मशीन लोण्यातून गेल्यासारखं चालतं आणि मग उरलेलं लाकूड कापलं जायच्या आत उभं चिरतं. ही चीर क्षणार्धात खोडाच्या लांबीने धावते आणि चिरलेला भाग फटकन उसळतो. त्या वेळी समोर माणूस असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

बरोबर क्रम असा. दाबाच्या बाजूने व्यासाचा चौथा ते तिसरा हिस्सा कापायचा, फट मिटायला लागल्याची पहिली खूण दिसताच पाती बाहेर काढायची आणि उरलेला काप ताणाच्या बाजूने घेऊन पहिल्या कापाला भेटवायचा. दोन्ही काप अगदी एका रेषेत जुळले पाहिजेत असं नाही, दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे झाले तरी तुकडा सुटतो. पहिल्या कापात पातीच्या मागे पाचर बसेल इतकी खोली झाली की लगेच पाचर बसवून ठेवा. अडकल्यावर ठोकलेल्या पाचरीपेक्षा आधी बसवलेली पाचर दसपट उपयोगी पडते.

हे सगळं जमलं की नाही ते फटीकडे बघून कळतं. कापताना नजर साखळीवर नको, फटीच्या तोंडावर हवी. फट केसभर मिटली तरी नजरेला कळतं, आणि पाती धरली जायच्या आधी तुम्हाला एक-दोन सेकंद मिळतात. कुठे दाब आणि कुठे ताण ते नुसतं बघून ठरत नसेल, आणि बेचकी, वळणं, खाली दबलेल्या फांद्या असल्या की ते खरंच ठरत नाही, तर बोटभर खोलीचा चाचणी काप द्या आणि थांबून बघा. लाकूड स्वतःच सांगतं.

कुशीला वाकलेल्या खोडाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे उभं कुठे राहायचं हे कापण्याइतकंच महत्त्वाचं असतं. दोन बुडख्यांमध्ये आडवं अडकून धनुष्यासारखं वाकलेलं खोड कापल्यावर धनुष्याच्या बाहेरच्या, म्हणजे फुगलेल्या बाजूला उसळतं. म्हणून उभं राहायचं आतल्या, दबलेल्या बाजूला, पहिला काप तिकडून घ्यायचा आणि दुसरा पलीकडून. अशा खोडाला मी सलग काप देत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांपासून पाच-सहा सेंटिमीटर सरकवून असे दोन काप घेतो की ते एकमेकांना ओलांडून जातील, पण मिळणार नाहीत. मधे लाकडाचा पट्टा धरून राहतो. मग मशीन बंद करून बाजूला ठेवतो आणि लांब दांडक्याने ढकलून तो पट्टा मोडतो. खोड सुटतं तेव्हा हातात फिरती साखळी नसते.

बुंध्याकडून तुकडे पाडत वर जाऊ नका

आता दुसरी चूक, जी मी स्वतः केली आहे. साधारण ३५ सेंटिमीटर जाडीचं झाड होतं, शेंडा शेजारच्या झाडात पक्का. मी दाब-ताणाचा क्रम शिकलो होतो, त्यामुळे पाती अडकत नव्हती आणि त्याचाच आत्मविश्वास नडला. बुंध्याकडून मीटरभराचा तुकडा पाडला, झाड खाली बसलं. दुसरा पाडला, झाड अजून उभं झालं. तिसऱ्या तुकड्यानंतर ते इतकं उभं झालं की वरच्या फांद्यांची पकडच सुटली, आणि ते ज्या बाजूने आलं होतं त्याच बाजूला, म्हणजे माझ्याकडे, उलटं आलं. मी डावीकडे धावलो ते विचार करून नाही, तिकडे झुडपं नव्हती म्हणून. खोड मशीनवर पडलं. उजवीकडे गेलो असतो तर झुडपांत पाय अडकला असता आणि हे लिहायला मी नसतो.

असं का होतं ते वजनाच्या हिशेबात दिसतं. ४० सेंटिमीटर व्यासाचं आणि ८ मीटर लांबीचं खोड म्हणजे जवळपास १ घनमीटर लाकूड. ओल्या, कठीण लाकडाचं वजन घनमीटरला साधारण १ टन धरा. फांद्या-पानं वेगळी. प्रत्येक तुकड्याबरोबर हे टनभर वजन एकदा मोकळं सुटतं, मीटरभर खाली आदळतं आणि नव्या कोनात, नव्या आधारावर थांबतं. तो नवा आधार किती पक्का आहे ते जमिनीवरून दिसत नाही. पहिल्या तुकड्याला झाड कुठे जाईल याचा अंदाज असतो, तिसऱ्याला काहीच अंदाज उरत नाही.

याच रागाच्या भरात माणसं आणखी चार गोष्टी करतात, आणि चारही तितक्याच घातक आहेत. ज्याच्यावर झाड रेललं आहे तेच तोडायला घेतात. मग दोन्ही झाडांचं वजन एकदम सुटतं आणि तोडणारा नेमका दोघांच्या मधे असतो. रेललेल्या खोडावर चढून वरच्या फांद्या कापतात. तिसरं झाड त्याच्यावर पाडून त्याला खाली आणायचा प्रयत्न करतात. आणि ‘राहू दे, वाऱ्याने पडेल’ म्हणून त्याच्या खालीच दुसरं काम सुरू ठेवतात. वारा आला की ते पडतं हे खरंच आहे, फक्त तेव्हा खाली कोण असेल ते सांगता येत नाही.

मग खाली आणायचं कसं

तत्त्व एकच आहे. बुंधा मागे ओढायचा, म्हणजे शेंडा पुढून घसरत खाली येतो. झाडाला ज्या दिशेने पडायचं होतं त्याच दिशेत ते पूर्ण पडतं, फक्त बुंधा मागे सरकून.

त्याआधी बुंधा बुडख्याला धरून आहे का ते बघा. तोडताना ठेवलेली बिजागरी, म्हणजे खाच आणि मागचा काप यांमध्ये राखलेला लाकडाचा पट्टा, बरेचदा तुटलेला नसतो, आणि तोवर झाड कुठेही सरकत नाही. लहान झाडात, म्हणजे एका माणसाला पहारीने फिरवता येईल एवढ्या, बिजागरीचा बहुतेक भाग कापून एका कोपऱ्याला थोडं लाकूड ठेवतात आणि खोड त्याच्या लांबीभोवती फिरवतात. त्यासाठी आकडा असलेली तरफ मिळते, नाहीतर खोडाला पट्टा गुंडाळून त्यात दांडा अडकवतात. खोड फिरलं की वरच्या फांद्या एकेक सुटतात आणि झाड घरंगळत खाली येतं. दांडा स्वतःपासून दूर ढकलायचा, अंगाकडे ओढायचा नाही, आणि खोड हलायला लागलं की दांडा सोडून मागे यायचं. तीन-चार वेळा प्रयत्न करूनही झाड जागचं हललं नाही तर ताकद लावत बसू नका. ते फिरवून येणारं झाड नाही.

मोठ्या झाडाला विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, लागतो. हाताने चालवायचा असला तरी चालतो, उलट तो जास्त बरा, कारण त्यात ताण हाताला कळतो आणि झाड सरकलं की थांबता येतं. गाडीला दोर बांधून झटका देऊ नका. गाडीच्या चालकाला झाड दिसत नसतं, आणि झटक्यात दोरावर येणारा ताण वजनाच्या कित्येक पट होतो. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो आणि तुटला तर साठलेला सगळा जोर घेऊन माघारी येतो. पोलादी तार किंवा कमी ताणणारा पॉलिएस्टरचा पट्टा घ्या, आणि विंच, हुक, पट्टा, शॅकल (जोडायची लोखंडी कडी) या प्रत्येकावर लिहिलेली क्षमता वाचा. सगळ्यांत कमी क्षमतेची वस्तू तीच तुमची खरी क्षमता.

ओढताना दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. जागा कमी म्हणून कप्पी लावून दोर वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला मुळीच नाही, कप्पी सुटली तर दोर तिकडेच झेपावतो. कप्पीच्या आधारावर किती भार येतो ते अनेकांच्या लक्षात येत नाही. दोर ९० अंशांत वळला तर कप्पी बांधलेल्या पट्ट्यावर दोराच्या ताणाच्या सुमारे १.४ पट भार येतो, आणि दोर पूर्ण वळून मागे आला तर जवळजवळ दुप्पट. १ टनाच्या ओढीला १ टनाचा पट्टा तिथे पुरत नाही.

बुंध्याचं टोक मातीत नांगरासारखं घुसतं ही ओढताना येणारी नेहमीची अडचण. झाड हललंच नाही तर आधी तिथे बघा. पट्टा खोडाला असा बांधा की ओढ किंचित वरच्या दिशेने लागेल, म्हणजे टोक उचललं जाईल. शक्य असेल तर ताण देण्याआधी बुंध्यासमोर गुळगुळीत, साल काढलेले दोन दांडे आडवे टाका, बुंधा त्यांवरून घसरतो. हे दांडे ताण दिल्यावर सरकवायला जाऊ नका, त्यासाठी ताण पूर्ण सोडून मगच पुढे जा.

यातलं काहीच हाताशी नसेल तर झाड आहे तसं सोडा, भोवती फीत बांधा आणि जवळ कुणाला जाऊ देऊ नका. अमेरिकेतल्या लाकूडतोडीच्या सुरक्षा नियमांत अशा धोकादायक झाडापासून किमान दोन झाडांच्या उंचीइतक्या अंतरात काम न करण्याची अट आहे. १५ मीटरचं झाड असेल तर ३० मीटर. अंतर जास्त वाटतं, पण पडणारं झाड दुसऱ्याला पाडतं तेव्हा ते पुरतं. झाड विजेच्या तारेवर किंवा तारेजवळ असेल तर वरचं काहीच लागू होत नाही. वीज कंपनीने पुरवठा बंद करून तसं सांगेपर्यंत त्याला हातच लावायचा नाही.

जमिनीवर आल्यावर

खाली आलेलं झाडही शांत नसतं. खालच्या फांद्यांवर ते तोललेलं असतं आणि त्यातली एक कापली की खोड घरंगळतं. उतारावर कायम वरच्या बाजूला उभे राहा. आधी वरच्या आणि बाजूच्या मोकळ्या फांद्या काढा, खालच्या आधाराच्या फांद्या शेवटी, त्याही खोडाला दगड किंवा पाचरी लावून. शेंड्याकडून तुकडे पाडत बुंध्याकडे या, म्हणजे वजन आणि ताण हळूहळू कमी होत जातो.

खालून कापताना पातीची वरची धार चालते आणि साखळी मशीनला तुमच्याकडे ढकलते. वरून कापताना ती मशीनला लाकडाकडे ओढते. दोन्ही ढकल-ओढ सांभाळता येते. न सांभाळता येणारी गोष्ट म्हणजे पातीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला तरी लागणं. पाती तत्काळ वर आणि मागे, तोंडाच्या दिशेने उसळते. साखळी पूर्ण वेगात सेकंदाला साधारण २० मीटर धावत असते, तुमच्या प्रतिक्रियेची वाट ती बघत नाही. फांद्यांच्या गचपणात टोक कुठे आहे ते कायम माहीत असलं पाहिजे. पुढच्या दांड्याला डाव्या हाताचा अंगठा खालून वळसा घालून धरायचा, नुसता वर ठेवायचा नाही, आणि मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही. साखळीचा ब्रेक काम करतो की नाही ते रोज, कामाआधी तपासा. हेल्मेट, जाळी, कानपट्टे, बूट यांबरोबर पायांना चेनसॉचं संरक्षक कापड घाला. त्यातले धागे साखळीला लागताच उपटून साखळी फिरवणाऱ्या चाकाभोवती गुंडाळले जातात आणि साखळी थांबते. जाड जीन्स म्हणजे संरक्षण नव्हे.

मुळासकट उन्मळलेल्या झाडात एक वेगळा सापळा असतो. मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो आणि खोडाच्या वजनाने तो तसा तोलून राहतो. खोड बुंध्याशी कापलं की गड्डा फटकन परत खड्ड्यात बसतो किंवा पुढे, कापणाऱ्याच्या अंगावर येतो. खड्ड्यात कुणी उभं नाही ना, विशेषतः मुलं, हे प्रत्येक कापाआधी बघायचं. गड्ड्याला खोडाचा लांब तुकडा जोडलेला ठेवूनच कापा, म्हणजे गड्डा पुढे आला तरी तो तुकडा टेकून त्याला अडवेल. गड्डा मोठा असेल तर त्याला मागून विंचने बांधून मगच खोड कापा.

आणि खाली दबलेली, कमानीसारखी वाकलेली बारकी रोपटी. मनगटाएवढी असतात म्हणून माणूस त्यांना सरळ एक काप देतो, आणि ती जबड्यावर बसतात. यांना कापायचं नाही, आतल्या, दबलेल्या बाजूने पातळ-पातळ तासायचं, म्हणजे तंतू वाकत जातात आणि ताण हळू उतरतो. तासायची जागा अशी शोधा. रोपट्याच्या मुळापासून सरळ वर एक रेघ मनात काढा आणि कमानीच्या माथ्यावरून आडवी दुसरी. दोन्ही जिथे मिळतात तिथून ४५ अंशांनी खाली रोपट्याकडे आलात की जिथे पोचाल, ती जागा.

क्रम बरोबर आहे आणि तरीही अडकते?

मग साखळी बघा. लाकडातून ढलप्या निघतात की पीठ? पीठ निघत असेल तर साखळी बोथट आहे, तुम्ही ती दाबून चालवता आहात आणि दाबून चालवलेली पाती तुम्हाला हवी तिथे थांबत नाही. काप एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे दात जास्त धारदार आहेत. सरळ पाती वळलेल्या फटीत गेली की दाब नसतानाही अडकते. आजच्या साखळीत डावा आणि उजवा दात आलटून-पालटून येतात. जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे असे डावी-उजवीकडे चालताना पाहून हा दात घडवला. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या घासणं हाच या साखळीचा प्राण आहे. प्रत्येक दाताला मोजून तितकेच कानशीचे हात द्या, कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंशांच्या आसपास असतो, आपल्या साखळीच्या पाकिटावर बघून घ्या. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. उंचवटा तासला नाही तर धार लावूनही साखळी लाकडावरून नुसती घसरते. रेललेल्या झाडाचा बुंधा मातीने माखलेला असतो, आणि मातीत साखळी एकदा गेली की धार संपली. काप घ्यायच्या पट्ट्यावरची साल कुऱ्हाडीने काढून टाका, पाच मिनिटं लागतात.

झाड खाली आलं, कापून झालं, तरी ज्या झाडाने त्याला धरून ठेवलं होतं त्याच्याखाली लगेच ओंडके गोळा करायला जाऊ नका. आदळताना त्याच्या फांद्या मोडलेल्या असतात आणि त्या वरच अडकून राहतात, पानांत दिसतही नाहीत. चारही बाजूंनी फिरून, मान वर करून, सावकाश बघा. एखादी अडकलेली दिसली तर ओंडके लांबून दोराने ओढून घ्या आणि ती फांदी खाली येईपर्यंत त्या झाडाखालची जागा फितीने बंदच ठेवा.